समुद्रफूल आणि ओले टॉवेल

एप्रिलच्या मध्यावर माझी बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली. मुलीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे आमच्याकडे सोलापुरात झालं होतं, दुसरं तिच्या सासरी होतं. जाताना बायकोनं गॅस, दूध, कुंड्या यातलं काहीच बजावलं नाही. बॅग दाराशी ठेवून ती हॉलमधल्या काचेच्या टाकीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "याला तेवढं जपा. बाकी घराचं काय व्हायचं ते होऊ दे."

माझं काय, असं मी विचारलं. तुम्हाला भूक लागली की तुम्ही ओरडता, याला ओरडता येत नाही, असं उत्तर मिळालं. रिक्षा खाली उभी होती, म्हणून मी वाद वाढवला नाही.

'याला' म्हणजे आमच्या टाकीतल्या समुद्रफुलाला. नाव फुलाचं असलं तरी तो प्राणी आहे. खाली एक मांसल पाय, त्या पायानं खडकाला चिकटून बसायचं, आणि वर मऊ बोटांचा घोस. आमच्याकडच्याची बोटं टोकाला जराशी फुगलेली, रंग तांबूस, निळा दिवा लागला की टोकं हिरवट दिसतात. मधोमध तोंड. डोळे नाहीत, कान नाहीत, डोकं नाही. तरी त्याच्या तब्येतीची घरात जेवढी चर्चा होते तेवढी माझ्या रक्तदाबाची होत नाही.

हे प्रकरण मला पहिल्यापासून पटलं नव्हतं. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी येतं, तिथं चांगल्या पाण्यात हौसेनं मीठ कालवायचं, ही कुठली अक्कल? मी हे बोलूनही दाखवायचो, आणि एकदा नाही, रोज. बायको ऐकून घ्यायची आणि खारटपणा मोजायच्या भिंगाला डोळा लावून उजेडाकडे बघत राहायची. ती मूळची मालवणच्या बाजूची, समुद्राकाठची. तिच्यापुढे मिठाबद्दल बोलून उपयोग नसतो.

लग्न होऊन ती सोलापुरात आली तेव्हाही एप्रिलच होता. मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावानं हाक जाते तो माणूस. आमचं घर पत्र्याचं. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. ती बिचारी चटई घेऊन घरभर जागा शोधत फिरायची. कधी मोरीच्या तोंडाशी, कधी माठाजवळ, कधी जिन्याखाली. मला गोड बोलता येत नव्हतं, अजूनही येत नाही. मी कारखान्यातून सेकंडच्या, म्हणजे खोट निघालेल्या मालातले जाड टर्किश टॉवेल आणले, बादलीत भिजवले आणि खिडकीला लावून टाकले. बाहेरची झळ त्यातून आत येताना थोडी गार होऊन यायची. पाळीवरून आलो की आधी टॉवेल भिजवायचे, मग चहा. आमची आई म्हणायची, "मटकीसारखी भिजत घातलीस का रे सुनेला?" त्या उन्हाळ्याबद्दल बायकोनं पुढे कधी चकार शब्द काढला नाही आणि मीही विचारलं नाही. पाऊस आला, पुढे मुलगी झाली, स्लॅबचं घर झालं, आणि तीसेक वर्षं निघून गेली.

मी कामावरून निवृत्त झालो त्या वर्षी आम्ही तिच्या गावी गेलो होतो. ओहोटीला ती खडकांवर साडी खोचून बसली आणि एका डबक्यात बघत राहिली. डबक्यात एक समुद्रफूल होतं. तिनं बोट लावल्यावर त्यानं ते हलकेच धरलं. लहानपणी हे मी रोज बघायचे, एवढंच ती म्हणाली. तिचा चेहरा बघून मी म्हटलं, काढून घेऊ या की डबीत. तर मलाच बोलणी बसली. याला त्याच्या जागेवरून ओढून काढलं की पाय फाटतो आणि ते मरतं, म्हणे. मला वाटलं विषय तिथंच संपला.

पण घरी आल्यावर तिनं मोबाइलवर बघून बघून सगळं शिकून घेतलं. टाकी आणली, खडक आणले, मीठ आणलं, आणि त्या टाकीत नुसतं खारं पाणी जवळजवळ वर्षभर फिरवत ठेवलं, कारण नव्या टाकीत समुद्रफूल टिकत नाही. शेजारी विचारायचे, मासे कुठं आहेत? मी म्हणायचो, समुद्राचं बारसं झालं, आता पाहुणे यायचेत. शेवटी पुण्यातल्या एका दुकानदाराकडून हे आणलं. त्याच्याच टाकीत एकाचे दोन होऊन वाढलेलं. सोडल्यावर ते कितीतरी दिवस पायानं सरकत टाकीभर हिंडलं. मी ते उचलून खडकावर नीट बसवायला निघालो तर बायकोनं माझा हात धरला. जागा त्याची ते शोधतं, म्हणाली, आपण बसवायचं नाही. एकदा पाय धरला की मग ते कुठं जात नाही. त्यानं मागच्या खडकाच्या फटीत पाय धरला, आणि हिच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच वर्षांत न बघितलेलं काहीतरी आलं. तेव्हापासून माझी टोमणे मारायची गोडी जरा कमी झाली.

तर असं ते समुद्रफूल माझ्या हवाली करून ती गेली. काम अवघड नव्हतं. सकाळी दिवा लावायचा, संध्याकाळी बंद करायचा. आठवड्यातून एकदा कोळंबीचा नखाएवढा तुकडा लांब चिमट्यानं बोटांवर ठेवायचा, मग ती बोटं मिटत मिटत तो तोंडाकडे नेतात. आठवड्यातून एकदा थोडं जुनं पाणी काढून ड्रममधलं मीठ कालवलेलं पाणी घालायचं. आणि रोज जी पातळी खाली जाते ती निळ्या कॅनमधल्या फिल्टरच्या गोड्या पाण्यानं भरून काढायची. का, ते तिनं सांगितलं असणार आणि मी हो-हो म्हटलं असणार.

एप्रिल सरता सरता टाकीचं पाणी गार ठेवणारा चिलर बंद पडला. आयुष्यभर बिघडलेले माग सुरू केलेल्या माणसाला हा काय जड, म्हणून मी तो उघडला. आत गॅस संपलेला, ते काही माझ्या हातोडीचं काम नव्हतं. पुण्याचा मेकॅनिक आठ-दहा दिवसांनी येतो म्हणाला. इकडे टाकीतला थर्मामीटर तिशीच्या वर चालला होता आणि समुद्रफूल मलूल होऊन बोटं आखडायला लागलं होतं.

मग मी कपाटातून ते जुने टर्किश टॉवेल काढले. भिजवून टाकीच्या तिन्ही काचांना गुंडाळले, झाकण काढलं आणि टेबलफॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडला. सोलापूरची हवा कोरडी ठाक. माठ गार होतो, कूलर चालतो, मग टाकीनं काय घोडं मारलंय? संध्याकाळपर्यंत थर्मामीटर चांगला खाली आला. शेजारचे माझ्याच वयाचे गृहस्थ रोज आमच्याकडे पेपर वाचायला येतात. ते जुने विणकर, त्यांच्या घरी तेलुगू बोलतात. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "समुद्राला टॉवेल गुंडाळलंय की वो तुमी." मला तर शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. बायकोला फोन करून मी सगळं रंगवून सांगितलं. तिकडे मुलीला दवाखान्यात तपासायला न्यायची घाई चालली होती. बरं केलंत, म्हणून तिनं फोन ठेवला.

पंख्यानं पाणी गार होत होतं, तसं ते उडतही होतं. आधी दिवसाला तांब्याभर पाणी कमी व्हायचं, आता बादलीभर व्हायला लागलं. निळा कॅन दुपारीच रिकामा. तो भरायचा म्हणजे घरातला फिल्टर तासन्‌तास चालवायचा, आणि तो एक हंडा गोडं पाणी देताना दोन हंडे मोरीत सोडतो. नळ यायला अजून तीन दिवस. पाणी आलं की गल्लीत कोण किती भांडी भरतो यावरून भांडणं होतात, आणि मी प्यायचं पाणी खाऱ्या टाकीत ओतायचं? हात धजावेना. सोलापुरात वाढलेला माणूस एक वेळ दूध सांडेल, गोडं पाणी सांडणार नाही. बाजूला ड्रम भरून खारं पाणी तयार होतं. समुद्रात समुद्राचंच पाणी घालायचं, त्यात बिघडायचं काय? मी बिनघोर ड्रममधलं पाणी ओतत राहिलो. ड्रम संपला तसा वापरायच्या पाण्यात पिशवीवर लिहिलेल्या मापानं मीठ कालवून नवा भरला आणि तोही ओतला. वर स्वतःवर खूश, की प्यायचं पाणी वाचवलं.

समुद्रफूल आधी आक्रसलं. मुठीएवढं झालं, मग लिंबाएवढं. मला वाटलं उन्हाचं असेल. मी आणखी एक पंखा लावला. मग त्याचं तोंड उघडं पडायला लागलं, सैल, आतला पांढुरका भाग दिसेल असं. कोळंबी ठेवली तर बोटांनी धरेना, घरंगळून खाली गेली. आणि एका सकाळी ते त्याच्या फटीत नव्हतं. दीड वर्षं ज्या जागेवरून हललं नव्हतं ती जागा सोडून ते वाळूवर आडवं पडलं होतं, आणि पाण्याच्या ओढीबरोबर पंपाच्या तोंडाकडे सरकत होतं. पंपात ओढलं गेलं असतं तर चिंध्या झाल्या असत्या. मी भाजीच्या टोपलीची प्लास्टिकची जाळी कापून पंपाच्या तोंडाला बांधली आणि समोर खुर्ची टाकून बसलो.

त्याच सकाळी पुण्याहून फोन आला होता. नात झाली, दोघी सुखरूप. मी आनंदानं दोन शब्द बोललो, पण डोळे टाकीवर होते. बायकोनं विचारलं, ते कसं आहे? मी म्हटलं, बाळाचं सांग. मला भीती वाटत होती. त्या टाकीतलं जनावर मेलं तर दुसरं मिळालं असतं, तो प्रश्न नव्हता. ही बाई तीस वर्षं या उन्हात राहिली. तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मागितलं ते एवढंच, आणि तेही मला जपता येत नव्हतं.

भूक कुणाला चुकत नाही. मी शेंगदाण्याच्या कुटाची आमटी गॅसवर ठेवली आणि पुन्हा टाकीसमोर येऊन बसलो. बसलो तो बसलोच. वास आला तेव्हा धावत गेलो, आमटी आटून निम्मी झाली होती. ताटलीत कडक भाकरी मोडून त्यावर आमटी ओतली, एक घास घेतला आणि तोंड वाकडं झालं. मिठाचा खडा चावल्यासारखी खारट. मी मीठ नेहमीएवढंच घातलं होतं. चिडून तांब्या उचलला, पातेल्यात गरम पाणी ओतलं, ढवळलं, चव घेतली. आमटी जागेवर आली.

मी तांब्या हातात धरून तसाच उभा राहिलो. आमटी आटली तर माणूस वरून पाणी घालतो, वरून आणखी आमटी ओतत नाही. मीठ उडून जात नाही, पाणी उडून जातं. हे आमच्या घरातल्या पातेल्याला कळत होतं. घोडं कुठं पेंड खातंय ते मला आत्ता दिसलं. हात न धुताच ते भिंगाचं यंत्र शोधून काढलं, टाकीतल्या पाण्याचा थेंब त्यावर ठेवून उजेडाकडे धरलं. बायकोनं जिथं लाल खूण केली होती तिच्या पार वर रेघ गेली होती. समुद्राच्या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला मी लोणच्यात घातलं होतं.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मी बायकोला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मागे बाळ रडत होतं. एरवी रागावली की ती तिच्या गावच्या बोलीत सुरू होते. त्या दिवशी ती अगदी शांतपणे, शुद्ध बोलली, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

"एकदम गोडं करू नका," ती म्हणाली. "जसं हळूहळू चढलं, तसंच हळूहळू उतरवा. घाई केलीत तर त्यानंच मरेल."

मी विचारलं, तू येतेस का? तिनं आधी बाळाला थोपटलं. मग म्हणाली, "बाळ आज जन्मलंय. मी नाही येऊ शकत. तुम्हीच आहात आता त्याला."

जॉबरचा स्वभाव असा, की बिघाड सापडला की हातोडी घ्यायची आणि ठोकून मोकळं व्हायचं. माग बंद ठेवून बघत बसणारा जॉबर कुणी ठेवत नाही. इथं नेमकं तेच करायचं होतं. थोडं खारं पाणी काढायचं, तेवढंच गोडं घालायचं, भिंगातून बघायचं आणि उठून जायचं. परत हात घालायचा नाही. माझी तगमग व्हायची. टाकीजवळून दहादा जायचो आणि स्वतःलाच शिव्या घालून मागे फिरायचो.

आणि गोडं पाणी तर संपलेलं होतं. आता मला त्याची कंजुषी नव्हती, पण आडातच नव्हतं. शेजारच्या गृहस्थांना मी पेपर वाचता वाचता सगळी हकिगत सांगितली. ते पेपरची घडी घालून उठून गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या बडबडीला कंटाळले. थोड्या वेळानं ते आणि त्यांची सून, दोघं मिळून फिल्टरच्या पाण्याची कळशी घेऊन जिना चढून आले. उद्या नळ येणार, म्हणजे आज त्यांच्याही घरात तळाचंच पाणी असणार, हे मला ठाऊक होतं. मी नको नको म्हणायला लागलो.

"राहू द्या वो," ते म्हणाले. "वहिनी यायच्या आत जगलं पायजे की ते."

मी कळशी धरली आणि पाणी सांडू नये म्हणून फार सावकाश ठेवली.

रोज रेघ थोडी थोडी खाली आली. समुद्रफूल मात्र काही दाखवेना. वाळूवर तसंच आडवं, लिंबाएवढं. एकदा मला वाटलं मेलं, पण मेलेलं समुद्रफूल विरघळायला लागतं आणि त्याला घाण वास येतो, असं बायकोनं फोनवर सांगितलं होतं. मी टाकीवर वाकून वास घ्यायचो. वास यायचा तो तिच्या गावच्या किनाऱ्याचा, मग जिवात जीव यायचा. रेघ लाल खुणेवर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड मिटलं. मग ते सरकायला लागलं. मागच्या फटीकडे जाईल म्हणून मी त्याच्या वाटेकडे बघत होतो, पण ते उलटं पुढे आलं, काचेजवळच्या एका ठेंगण्या खडकाशी, टॉवेल गुंडाळलेल्या बाजूला. तिथं त्यानं पाय धरला. आणि दोन-तीन सकाळी गेल्यावर मी दिवा लावला तर ते पूर्ण उघडलेलं, ताटलीएवढं, सगळी बोटं पाण्यात डुलत. मी शेजारी हाक मारली. शेजाऱ्यांची सूनही हातातलं काम टाकून बघायला आली. कोळंबीचा तुकडा ठेवला तो त्यानं चटकन धरला, आणि मला, इतक्या मोठ्या माणसाला, रडू आलं.

दरम्यान मेकॅनिक येऊन चिलर दुरुस्त करून गेला होता. पंखे मी काढले. टॉवेल काढले नाहीत. रोज भिजवायची सवय लागून गेली होती.

बायको जूनच्या सुरुवातीला आली. पाऊस अजून यायचा होता, ऊन तसंच होतं. चप्पल काढली आणि पाणीसुद्धा न पिता ती टाकीपुढे जाऊन बसली. बराच वेळ बघत होती.

"यानं जागा बदलली," ती म्हणाली.

मी म्हटलं, आपणहून बदलली, मी हात लावलेला नाही. तिनं काचेवरच्या टॉवेलाचं टोक बोटांत धरून चाचपलं. आपल्या कारखान्याचेच का, विचारलं. मी म्हटलं, सेकंडचे, तू आलीस त्या वर्षीचे, हे दोनच उरलेत. ती हसली. मग टाकीकडेच बघत म्हणाली, "त्या उन्हाळ्यात मी बॅग भरून स्टँडवर गेले होते. तुमची दुपारपाळी होती, आई झोपल्या होत्या. परत यायचंच नाही म्हणून गेले होते."

तीस वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, मग गेली का नाहीस?

"गाडीत बसले होते. खिडकीचा पत्रा असा तापलेला, की हात ठेववेना. म्हटलं, घरी निदान खिडकीला कुणीतरी ओला टॉवेल लावतंय. गाडी सुटायच्या आत उतरले."

एवढं बोलून ती पाणी प्यायला आत गेली. मी टॉवेलांना हात लावून बघितला, वाळत आले होते. दोन्ही बादलीत बुडवले, पिळले, एक टाकीला गुंडाळला आणि दुसरा नेऊन खिडकीला लावला.